आधी रबरी शिक्का, मग लोगो

मागच्या दिवाळीच्या तोंडावर घरगुती डबे पुरवणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या. हातात कागदी पिशव्यांचा गठ्ठा. लोगो त्यांनी मोबाइलमधल्या ॲपवर स्वतःच केला होता: मातीची चूल, चुलीवर पातेलं, पातेल्यातून वाफ, त्या वाफेचा झालेला बदाम आणि मागे नारळाचं झाड. सगळं सोनेरी, चकाकणारं. मोबाइलवर ते खरंच झकास दिसत होतं. पिशव्या मात्र एका रंगात छापल्या होत्या आणि त्यांच्यावर उरला होता एक तपकिरी डाग. नाव डागाच्या खाली, मुंगीच्या पायाएवढं. "एका गिऱ्हाइकाने विचारलं, हा कुठल्या जिल्ह्याचा नकाशा?" ताई म्हणाल्या. पाचशे पिशव्या छापून झाल्या होत्या.

त्यांच्या धंद्याचं खरं नाव इथे देत नाही. लेखापुरतं 'चूल' म्हणू. दोनच अक्षरं आहेत, समजावायला सोयीची. तुम्ही पहिल्यांदाच लोगो करत असाल किंवा कुणाकडून करून घेत असाल, तर मी ज्या क्रमाने जातो तो क्रम सांगतो. लोगो जिथे सगळ्यात लहान आणि सगळ्यात स्वस्तात छापला जाणार, तिथून मी सुरुवात करतो. आणि चित्र शोधण्याआधी नावाची अक्षरं नीट बघतो.

पायरी पहिली: जागांची यादी

कागद घ्या आणि येत्या वर्षभरात लोगो कुठे कुठे लागेल ते लिहून काढा. ताईंची यादी अशी झाली: बिलावर मारायचा शिक्का, व्हॉट्सॲपचा डीपी, डब्याच्या झाकणावरचा गोल स्टिकर, कागदी पिशवी, स्कूटरच्या डिकीवरचं विनाइल, क्यूआर कोडचा स्टँड आणि दारावरचा बोर्ड. प्रत्येकापुढे माप आणि रंग लिहायचे. शिक्का तीन सेंटिमीटर, रंग एकच. डीपी गोल, म्हणजे चारही कोपरे कापले जाणार, आणि चॅटच्या यादीत तो नखाएवढा दिसणार. बोर्ड सहा फुटी, पण रस्त्यापलीकडून वाचायचा. बोर्डासाठी एक ठोकताळा उपयोगी पडतो: दर दहा फूट अंतरामागे साधारण एक इंच अक्षराची उंची. चाळीस फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर चार इंच तरी हवं.

पॅकबंद खाद्यपदार्थ विकणार असाल तर लेबलावर काय काय बसवावं लागतं ते आत्ताच बघा. एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, चिन्ह आणि चौदा आकडी परवाना क्रमांक, शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका, घटक, पोषणमूल्यं, वजन, किंमत, तारखा, पत्ता. दोनशे ग्रॅमच्या बरणीवर एवढं सगळं बसवल्यावर लोगोला जी जागा उरते ती काडेपेटीएवढी असते. नवखे लोक लोगो आधी करतात आणि ही जागा नंतर मोजतात.

महाराष्ट्रात दुकान असेल तर आणखी एक गोष्ट. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर छोट्या-मोठ्या सगळ्याच दुकानांवर देवनागरीतला मराठी फलक सक्तीचा आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. त्यामुळे आधी इंग्रजी लोगो ऐटीत करायचा आणि शेवटी मराठी नाव कुठल्यातरी फॉन्टमध्ये खाली चिकटवायचं, हा उद्योग बोर्डावर उघडा पडतो. देवनागरी आधी काढा. रोमन तिच्या पोटात सहज जातं, उलटं होत नाही.

पायरी दुसरी: शेजार बघा

तुमचा माल ज्या फळीवर किंवा ज्या गल्लीत असणार, तिथला फोटो काढा. लोणच्या-मसाल्यांच्या फळीवर लाल-पिवळ्याची जत्रा असते. पाच जणांनी नऊवारीतली आजी काढलेली असेल तर सहावी आजी कुणाला दिसणार?

मग चार जुन्या गिऱ्हाइकांना विचारा, आमच्याकडेच का येता? ताईंना वाटत होतं लोक "पारंपरिक चव" म्हणतील. लोक म्हणाले, तिखट बेताचं असतं आणि पोळ्या दुपारपर्यंत मऊ राहतात. हे ऐकल्यावर मला कामाचं काहीतरी मिळालं. मऊ पोळ्या म्हणजे अक्षरांची टोकं गोल हवीत, तलवारीसारखी नकोत.

पायरी तिसरी: पेन्सिल

संगणक बंद. इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा, दोन-तीन संध्याकाळी तरी. चित्रकला येत नसली तरी चालेल. नाव साध्या पेन्सिलने पन्नास वेळा लिहा, मोठं, छोटं, जाड, बुटकं. मग दोन पेन्सिली रबर बँडने शेजारी शेजारी बांधा आणि त्या जोडीने लिहा. दोन टोकं दोन समांतर रेघा काढतात आणि अक्षर कुठे जाड होतं, कुठे बारीक होतं ते आपोआप कळतं. पूर्वी बोरूने लिहीत तेव्हा हेच व्हायचं. देवनागरीसाठी बोरूची जीभ रोमन पेनाच्या उलट बाजूला तिरकी कापतात, त्यामुळे आपल्या अक्षरांतली जाडी वेगळ्या जागी येते. इंग्रजीच्या सवयीने जाड-बारीक केलेली देवनागरी परकी दिसते ती यामुळे.

आता 'चूल' बघा. च ला उजवीकडे दांडी आहे. दांडीच्या पायाशी दुसरा उकार लोंबतो. ल ला दांडीच नाही. मध्ये देठ आणि दोन बाजूंना दोन पाकळ्या. म्हणजे एक अक्षर ताठ, दुसरं गोल, आणि खाली एक शेपटी. मी उकाराची शेपटी उजवीकडे लांबवून ल च्या खाली नेली. चुलीत सारलेल्या लाकडासारखी ती दिसायला लागली. वरची शिरोरेखा दोन्ही बाजूंना किंचित बाहेर काढली, तर तिचा तवा झाला. झालं. पातेलं नाही, वाफ नाही, ज्वाळा नाही. ताईंना पहिल्या दिवशी तवा दिसला नाही, दुसऱ्या दिवशी दिसला. गिऱ्हाइकाला कधीच दिसला नाही तरी बिघडत नाही. नाव तर वाचता येतंय.

तुमच्या नावात काय आहे ते असंच शोधा. वेलांटी असेल तर ती छप्पर होते, कमान होते. रफार, अनुस्वार, मात्रा यांना वर मोकळी जागा असते. पण एका नावात एकच खोडी करायची. वेलांटीचं पान, अनुस्वाराचं फूल आणि कान्याची पळी, तिन्ही एकदम केलं की लग्नपत्रिका होते.

शिरोरेखेबद्दल थोडं. ती कायम हवीच असं नाही. गुजराती लिपी तिच्याशिवायच चालते. पण काढायची तर ठरवून काढा. नवखे लोक आणि इंग्रजीत मुरलेले डिझाइनर सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवतात, तेव्हा शिरोरेखेत फटी पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मोकळेपणा हवा असेल तर अक्षरं थोडी रुंद काढा. दोन ओळींत नाव बसवताना वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. शब्द कुठे तोडायचा ते त्या बघून ठरवा.

शिरोरेखा काय करू शकते हे बघायचं तर खिशातली नोट काढा. सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह डी. उदय कुमार यांचं आहे. मुंबई आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी पीएचडी केली. देवनागरी र, त्यावर शिरोरेखा, खाली तिला समांतर दुसरी रेघ, आणि तेच चिन्ह रोमन आर म्हणूनही वाचता येतं. भाजीवाला ते खडूने पाटीवर दोन-तीन फटकाऱ्यांत लिहितो. तुमच्या लोगोला एवढं जमलं तर तुम्ही भरून पावलात.

हात तयार करायला डोळा आधी तयार व्हावा लागतो. त्यासाठी कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं शोधून बघा. नाटक विनोदी की गंभीर हे त्या नावावरूनच कळायचं. अच्युत पालव यांचं सुलेखन बघा. र. कृ. जोशी यांनी तर आपल्या संगणकांवर वर्षानुवर्षं दिसणारा 'मंगल' फॉन्ट केला आणि दुसऱ्या हाताने मुक्त सुलेखनही केलं.

पेन्सिलीने जमत नसेल तर फॉन्टपासून सुरुवात करायला हरकत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त', 'बलू', 'मोदक' हे फॉन्ट मोफत आहेत आणि त्यांचा परवाना व्यावसायिक वापरालाही मुभा देतो. त्यात आपली एखादी खोडी घाला, नाहीतर पुढच्या चौकातल्या वडापावच्या गाडीवरही तोच लोगो दिसेल. आणि ल, श तपासा. बऱ्याच फॉन्टांत ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात, दांडीचा ल वगैरे. मराठी वळण फॉन्टच्या आत असतं, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडल्यावरच बाहेर येतं. 'चूल' दांडीच्या ल ने लिहून बघा, काहीतरी चुकतंय असं वाटतं आणि काय ते पटकन सांगता येत नाही.

पायरी चौथी: काळ्यातच नापास करा

तीन-चार आराखडे निवडा आणि काळ्या शाईत पक्के करा. रंग अजून नाही. आता त्यांचे हाल करा. एक सेंटिमीटर रुंदीला छापा. त्या छापाची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स काढा. 'ष्ट', 'क्ष', 'श्री' यांच्या पोटातल्या पोकळ्या आधी बुजतात, त्या मोठ्या करा. कागद भिंतीला लावून दहा पावलं मागे जा, चष्मा असेल तर काढा. काळ्यावर पांढरा करून बघा. डीपी म्हणून स्वतःच्या फोनवर दोन दिवस ठेवा.

स्टेट बँकेचं चिन्ह शेखर कामत यांनी १९७१ साली केलं: एक गोल, आत छोटं भोक, खाली चीर. ते कशावरही छापा, ओळखू येतं.

मग शक्य असेल तर खरोखरच एक रबरी शिक्का करून घ्या. फार खर्च येत नाही. ताईंचा शिक्का केला तेव्हा कळलं की उकाराची शेपटी ल ला चिकटतेय आणि मध्ये शाई भरतेय. शेपटी मिलिमीटरभर खाली घेतली. पडद्यावर हे महिनाभर दिसलं नसतं.

रंगाचं मी चटकन आटोपतो. एक रंग, फार तर दोन. पिशव्यांवर स्क्रीन प्रिंटिंग करताना प्रत्येक रंगाची वेगळी जाळी लागते आणि पैसेही तसेच लागतात. मोबाइलवरचा झगझगीत पोपटी आणि केशरी छापखान्याच्या चार शायांत (निळी, गुलाबी, पिवळी, काळी; छापखान्यात यांना सीएमवायके म्हणतात) मळकट उतरतो, म्हणून छापलेला नमुना बघून रंग ठरवा आणि त्याचे चार शायांचे आकडे लिहून ठेवा. सोनेरी तर त्या चार शायांत येतच नाही. त्याला वेगळी शाई किंवा फॉइल लागतं. तपकिरी डागाचं मूळ अर्धं तिथे होतं.

काय काढू नये

छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र धंद्यासाठी वापरायला १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याने मनाई आहे. राष्ट्रध्वज, अशोकस्तंभाचंही तेच. पांढऱ्यावर लाल क्रॉस हा औषधाच्या दुकानांचा आवडता लोगो, पण ते रेड क्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे. १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार परवानगीशिवाय वापरता येत नाही. ॲपमधली तयार चित्रं तुमची एकट्याची कधीच नसतात, तोच तवा अजून हजार जणांना मिळतो. आणि नेटवरून उचललेलं चित्र कुणाचं तरी असतं.

निवडताना

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान घेऊ नका. मावशी म्हणेल गणपती टाका, भाचा म्हणेल थ्रीडी करा, आणि शेवटी नारळाचं झाड परत येईल. त्याऐवजी धंद्याशी संबंध नसलेल्या पाच जणांना लोगो तीन सेकंद दाखवा, झाका आणि विचारा: काय वाचलंत? आवडलं का, हे विचारूच नका. पाचातल्या दोघांनी नाव चुकीचं वाचलं तर पेन्सिलीकडे परत.

फायली

इथे माझीच फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका किराणा दुकानाचा दहा बाय तीनचा फ्लेक्स मी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये तसाच पाठवला, अक्षरं टाइप केलेली, फॉन्ट फक्त माझ्या मशीनवर. छापणाऱ्याकडे तो नव्हता. त्याच्या संगणकाने स्वतःच्या अकलेने दुसरा फॉन्ट लावला, वेलांट्या उडून शेजारच्या अक्षरावर बसल्या, जोडाक्षरांचे पाय मोडले. फ्लेक्स खांबांवर चढल्यावर फोन आला. दुसरा माझ्या खिशातून छापला.

म्हणून लोगो पक्का झाला की अक्षरांचे कर्व्ह करून घ्यायचे, म्हणजे ती अक्षरं न राहता आकृती होतात आणि कुठल्याही मशीनवर तशीच उघडतात. कोरलमध्ये त्याला कंट्रोल आणि क्यू. कोरल विकत घेणं परवडत नसेल तर इंकस्केप मोफत आहे, त्यात ऑब्जेक्ट टू पाथ. पेन्सिलचं चित्र स्कॅन करून आत घ्या आणि त्यावर रेघा ओढा. आपोआप ट्रेस करणारं बटण कडा खडबडीत करतं, शेवटी हातानेच साफ करावं लागतं.

डिझाइनरकडून घ्यायच्या फायली: कर्व्ह केलेली सीडीआर (कोरलची फाइल) किंवा एसव्हीजी, पीडीएफ, आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी. प्रत्येक काळी, पांढरी आणि रंगीत. फक्त जेपीजी मिळाली असेल तर लोगो अजून मिळालेला नाही असं समजा. ती बोर्डाएवढी केली की चौकोन चौकोन दिसतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल दाबली जाते.

कागदपत्रं

छपाईला पैसे घालण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर नाव शोधा, फुकट आहे. सारख्या उच्चाराची नावंही शोधता येतात, तीही बघा. वस्तू आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत: डब्यांची सेवा ४३ मध्ये, लोणची २९ मध्ये, मसाले ३० मध्ये. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर दर वर्गाला ४,५०० रुपये सरकारी शुल्क, इतरांना ९,०००. नावाची नुसत्या शब्दाची नोंदणी वेगळी आणि चित्रासकट लोगोची वेगळी. शब्दाची नोंदणी जास्त बळकट, पण नाव मालाचं सरळ वर्णन करणारं असेल तर आक्षेप येतो. 'ताजी लोणची' तुमच्या एकट्याच्या नावावर कुणी करून देणार नाही. अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी दहा वर्षांची, पुढे वाढवता येते. अर्ज केल्यावर नावाशेजारी टीएम लावा. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावायला कायद्याने मनाई आहे.

आणि डिझाइनरशी कागद करा, मग तो तुमचा भाचा का असेना. पैसे दिले म्हणून लोगोचा कॉपीराइट आपोआप तुमचा झाला असं धरून चालू नका. कायद्यात हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून "सर्व हक्क, कायमचे, जगभरासाठी" हे शब्द त्या कागदावर हवेतच. पेन्सिलचे मूळ कागद तारीख टाकून त्याच फायलीत ठेवा. उद्या कुणी नक्कल केली तर आधी कुणी काढलं हे दाखवायला तेच उपयोगी पडतात.

ताईंच्या त्या पाचशे पिशव्यांपैकी चारशे वीस उरल्या होत्या. त्यांनी त्या उलट्या घडी घातल्या आणि कोऱ्या बाजूला नवा शिक्का मारला. दोन संध्याकाळी लागल्या, शाईची एक बाटली संपली.